वलगण

संपादकांचा फोन आला तेव्हा मे महिना होता. यंदाचा विषय 'पाण्याचे शब्द'. एक शब्द घ्या, तो जिथे चालतो तिथे जाऊन या, मग लिहा. मला लगेच 'वलगण' आठवला, कारण या शब्दाने माझी एकदा फजिती केली होती. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात पेणच्या बाजारात एका बाईंनी टोपलीतले मासे पुढे केले आणि म्हणाल्या, "वलगनीचं हायेत, घे." मी पुण्याचा. देवगडचा हापूस असतो तसा हा वलगणीचा मासा असणार, अशी माझी समजूत. म्हणून विचारलं, "वलगणी कुठे आली? रोह्याकडे का?" आजूबाजूच्या तीन टोपल्या खो खो हसल्या.

मासे घेतले, पण वलगण म्हणजे काय ते विचारायचं राहूनच गेलं.

मिरगाची रात्र

ते विचारायला यंदा अंबा नदीच्या काठी गेलो. नागोठण्याच्या वरच्या अंगाला, मित्राच्या मामांच्या घरी. मामांची भाताची खाचरं एका वहाळाच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि तो वहाळ खाली अंबेला मिळतो. पोचलो त्या दिवशी पाऊस पडून गेला होता, म्हणून मी उत्साहात होतो. मामांनी वहाळाकडे बघितलंही नाही. पहिला पाऊस जमीन पिते, दुसराही बराचसा तीच पिते. तिचं पोट भरलं की मग पाणी वाहायला लागतं, असा त्यांचा हिशेब. तीन दिवस मी त्यांच्या ओटीवर बसून मुठे मोजले. हे शेतातले खेकडे पहिल्या पावसात बिळांतून बाहेर पडतात आणि माणसाला न भिता अंगणात फिरतात.

चौथ्या दिवशी दुपारी चारला सुरू झालेला पाऊस रात्री दहापर्यंत थांबलाच नाही. बेडकांचा आवाज एवढा, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागावं. मामा उठले, डोक्याला बॅटरी बांधली, खांद्यावर पाग टाकला. मामी आधीच दारात उभ्या होत्या. मला त्यांनी एक काठी दिली. मासे मारायला नव्हे, साप दिसला तर बाजूला करायला.

वहाळाला गढूळ, तांबडं पाणी होतं, पोटरीइतकं. मला काहीच दिसेना. मामांनी बॅटरी विझवायला लावली आणि ऐकायला सांगितलं. पावसाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. ओल्या फरशीवर कुणी तळहात आपटत जावं तसा, चप-चप, चप-चप, थांबत थांबत. तो खाचराच्या बांधाकडून येत होता. बांधाला एक हातभर रुंद तोंड होतं आणि त्यातून खाचराचं पाणी वहाळात उतरत होतं. पाण्याची जाडी जेमतेम दोन बोटं. त्या दोन बोटांच्या पाण्यातून मासे वर चालले होते. पाठ पाण्याबाहेर, पोट चिखलाला घासलेलं, काही तर एका कुशीवर आडवे होऊन शेपटी मारत. बॅटरी लावली की क्षणभर चांदी चमकायची. वीतभर लांबीचा एक मासा तीनदा वरपर्यंत पोचून तीनदा मागे घसरला. त्याचं पोट फुगलेलं दिसत होतं. चौथ्यांदा तो बांधावरच्या गवताच्या बाजूने गेला, तिथे धार मंद होती, आणि खाचरात नाहीसा झाला.

"लागली वलगन," मामी म्हणाल्या.

नाव नक्की कशाचं?

इथे माझी उरलेली समजूतही पुसली गेली. वलगण हे गाव नाही, हे पेणलाच कळलं होतं. ते माशाचंही नाव नाही. वलगण 'लागते', पाऊस लागतो किंवा ऊस तोडणीला लागतो तशी. माणसं 'वलगणीला जातात', जत्रेला जातात तशी. 'यंदा वलगण झालीच नाही' असंही म्हणतात, म्हणजे तिला पिकासारखं साल असतं. आणि टोपलीत आले की ते 'वलगणीचे मासे'. मग त्यात शिवडा असो, मरळ असो, वाम असो, शिंगटी असो, की नाव विचारल्यावर मामांनी नुसतं "खवल्या" म्हणून सोडून दिलेले बारीक रुपेरी मासे असोत.

एकाच शब्दात घटना, मुहूर्त, धंदा आणि जेवण असं सगळं आलं. प्रमाण मराठीत हे सांगायचं तर वाक्य लिहावं लागतं: पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालण्यासाठी मासे नदी-खाडीतून प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि शेतांत चढतात ती क्रिया. मामींचं काम चार अक्षरांत भागतं.

शब्दाचा आणखी एक उपयोग मला मामांच्या पुतण्याकडून मिळाला. तो महामार्गावर हॉटेल चालवतो. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबईहून कोकणात गाड्यांची जी रांग लागते तिला तो "चाकरमान्यांची वलगण" म्हणतो. पोटाने जड, उलट्या धारेत, एकमेकांना घासत, पण वर जायचंच.

वळघणे

शब्द आला कुठून? पुण्याहून निघताना माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. संस्कृतात 'वल्ग्' म्हणजे उडी मारणे, टणाटण जाणे. आपली 'वल्गना' त्याच घरातली. मासे उड्या मारतात, म्हणून वलगण. दिसायला देखणी व्युत्पत्ती, आणि देखण्या व्युत्पत्त्यांवर विश्वास ठेवू नये हे मला वयाने शिकवलंय. शिवाय बांधावर जे पाहिलं त्यात उडी फार कमी होती. जे होतं ते चढणं होतं, सरपटत.

मग कुडाळच्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "आमच्याकडे असलो शब्द नाय. आमी चढणीचे मासे म्हणतो. चढणीक जातो." रत्नागिरीतही चढणच. म्हणजे उत्तर कोकणात वलगण, दक्षिणेत चढण. तेच मासे, तोच मिरग, तोच वहाळ, फक्त तिकडे त्याचा व्हाळ होतो.

या 'चढणी'ने वाट दाखवली. जुन्या मराठीत 'वळघणे' असं एक क्रियापद होतं. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना ते भेटलेलं असतं. अर्थ, वर चढणे, आरूढ होणे. आज ते बोलण्यातून गेलंय. त्याच्याही मागे गेलं की प्राकृत येते. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाच्या जैन आचार्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं. संस्कृतातल्या अमुक धातूऐवजी लोक प्राकृतात काय बोलतात, याच्या त्यात लांबलचक याद्या आहेत. 'आरुह्' म्हणजे चढणे, त्याच्या जागी त्यांनी दोन शब्द दिले आहेत. एक 'चड' आणि दुसरा 'वलग्ग'.

वाचताना मी खुर्चीत सरळ झालो. चड आणि वलग्ग, एका ओळीत, शेजारी शेजारी. पहिल्याचं चढणं झालं आणि ते सगळ्या महाराष्ट्राने उचललं. दुसऱ्याचं वळघणं झालं, ग्रंथात राहिलं आणि वापरातून उतरलं. आगरी-कोळी बोलीत ळ-चा ल आणि ण-चा न होतो, पाणी ते पानी, काळा ते काला. तसाच वळगणचा वलगन होतो. हा माझा तर्क आहे, कुणा भाषाशास्त्रज्ञाने त्यावर शिक्का मारलेला नाही. पण तो मला पटतो, कारण वल्गनेसारखा तो माशाला उड्या मारायला लावत नाही. जे क्रियापद पंडितांच्या हातून निसटलं, ते माशाच्या पाठीवर बसून खाचरात टिकलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मामींना हे सगळं सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. म्हणाल्या, "चरतात म्हनूनच वलगन. यात बुकात काय बघायचा?" आगरीत चढतात हे 'चरतात' असं ऐकू येतं. मला आधी वाटलं, मासे गवत खातात असं त्या म्हणतायत.

माशाला कसं कळतं

उन्हाळ्यात हे मासे खाली असतात. नदीच्या डोहांत, कोंडींत, खाडीच्या वरच्या गोड्या टोकाला. अंडी पोटात तयार होत आलेली, पण घालण्याची घाई नाही. मग आभाळ येतं, पाण्याचा गारवा वाढतो, डोंगरावरून माती घेऊन गढूळ लोंढा येतो, पाण्यातले क्षार पातळ होतात, धार जोर धरते. या सगळ्या खुणा एकदम आल्या की माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरक सुटतं आणि पोटातली अंडी पिकायला लागतात. एकटादुकटा वळीव या खुणा पुऱ्या करत नाही. मामांचा 'जमीन पाणी पिते' हा हिशेब मासाही करत असावा.

हे गणित शास्त्रज्ञांनी उलट बाजूने सोडवलं. रोहू, कटला, मृगळ हे आपले मोठे मासे तळ्यात वाढतात, पण तळ्याच्या स्थिर पाण्यात वीत नाहीत. त्यामुळे त्यांची पिल्लं पुरात नदीवरून गोळा करावी लागत. १९५७ मध्ये ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी एका माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्याला टोचला आणि मासळी व्यायली. तो दिवस १० जुलै. म्हणूनच १० जुलैला देशात मत्स्य शेतकरी दिन पाळतात. आज तळ्यात सोडायचं जे मत्स्यबीज विकत मिळतं, त्याच्या मुळाशी ही सुई आहे. पावसाने रात्रभरात जे करायचं, ते सुई करते. अंबेच्या वहाळात मात्र अजून पाऊसच.

आणि एवढी धडपड करून वर कुठे पोचायचं? खाचरात. तिथे पाणी उथळ आणि कोमट असतं. उन्हाळ्यात भाजलेल्या राबाची राख, शेण, कुजलेला पेंढा भिजला की त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव खदखदू लागतात. हे पिल्लांचं दूध. मोठा मासा तिथे फारसा येत नाही, म्हणजे खाणारा कमी. अंडी गवताला, भाताच्या बुंध्याला चिकटतात, बऱ्याच जातींची एक-दोन दिवसांत फुटतात. आई-बाप बहुतेक परत खाली जातात. मरळ अपवाद, तिची जोडी पिल्लांच्या लालसर थव्याभोवती राखण करत फिरते आणि त्या वेळी पाय घातला तर चावायला येते, असं मामांचं म्हणणं. मरळ आणि मांगूर यांना हवेतला श्वासही घेता येतो. ओल्या गवतातून ते एका खाचरातून दुसऱ्यात जातात, म्हणून कधी कधी वहाळाशी संबंध नसलेल्या डबक्यातही सापडतात.

सगळेच मासे वर चढतात असं मात्र नाही. ज्याच्यावर पेण-अलिबागचा खारेपाट जीव टाकतो, ज्याच्यासाठी मुंबईचे पाहुणे आधी सांगून ठेवतात, तो जिताडा नेमका उलटा. तो वाढतो गोड्या किंवा मचूळ पाण्यात, आणि विणीसाठी उतरतो खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्यात. त्याची पिल्लं भरतीबरोबर बांधाच्या दारातून, म्हणजे उघाडीतून, आत येतात. अहीर हा मासा तर त्याहून उलटा. डोंगरातल्या ओढ्यात वर्षानुवर्षं राहतो आणि एकदाच, मरणाआधी, समुद्रात अंडी घालायला जातो. जिताडा वलगणीत कधीच नसतो. पेणच्या बाजारात हे विचारलं असतं तर तीन टोपल्या पुन्हा हसल्या असत्या.

कोंड आणि खाचर

दुसऱ्या दिवशी महाडकडे गेलो, कारण वर चढायला आधी खाली कुणीतरी जिवंत राहावं लागतं. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. खडकात कोरलेला खोल डोह, काठाला वरदायिनी देवी, वर झुलता पूल. पुलावरून चुरमुरे टाकले की खालून हातभर लांबीचे महसीर वर येतात आणि पाणी उकळल्यासारखं होतं. हे देवीचे मासे, त्यांना कुणी हात लावत नाही. वाड्याकडे तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वरापुढेही असाच राखलेला डोह आहे.

मी गेलो तेव्हा नदी नुकतीच वाढली होती. पाणी गढूळ, मासे दिसले नाहीत, चुरमुरे वाहून गेले. पुलावर उभं राहून एवढंच लक्षात आलं, की नदी आटली तरी असला डोह आटत नाही, आणि एप्रिल-मे काढायला माशाला तेवढं पुरतं. कोंड उन्हाळ्याचं घर, खाचर पावसाळ्याचं, आणि मधला वहाळ म्हणजे जाण्याची वाट. देवाने पहिलं घर राखलं. दुसरं शेतकऱ्याने भात पिकवता पिकवता आपोआप राखलं. मधल्या वाटेचा वाली कोणी नव्हता, कारण तिला वाली लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

हातभर उंची

परतताना मामांनी वाटेतली एक मोरी दाखवली. रस्ता रुंद झाला तेव्हा वहाळावर सिमेंटचे नळ टाकून वर भराव केला. पहिल्या दोन पावसाळ्यांत नळातून सुसाट निघालेल्या पाण्याने खालची माती उकरून नेली. आता नळाचं तोंड वहाळाच्या तळापासून हातभर उंच लोंबतं. पाणी आरामात पडतं. वीतभराच्या माशाला मात्र ती हातभर उंची म्हणजे कडा. मोरीच्या खाली त्या रात्री चाळीसेक माणसं जमली होती, कारण मासे तिथे येऊन अडकतात आणि घोळक्याने फिरत राहतात. पाग टाकायचीही गरज नव्हती, बादल्यांनी काढत होते. मोरीच्या वरच्या बाजूला मामांच्या भावाची खाचरं आहेत. तिथे तीन वर्षांत वलगण लागलेली नाही.

बंधाऱ्यांचंही असंच, पण सगळ्याच नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढून ठेवायचे आणि पाऊस ओसरला की बसवायचे असतात. बरगे वेळेत निघाले तर नदी मोकळी, मासा खांबांमधून निघून जातो. न निघाले तर तीच भिंत. पक्क्या सिमेंट बंधाऱ्याला मात्र काढण्यासारखं काही नसतं. एका कडेला उताराची, दगड मांडलेली खडबडीत वाट सोडली तरी चालेल, असं मामांचं म्हणणं. अभियंतेही असंच म्हणतात, फक्त त्याला त्यांचं वेगळं नाव आहे. खर्च फार नाही. पण नकाशा काढताना त्यात वलगण हा शब्द कुठे लिहायचा, हे कुणाला माहीत नसतं.

याशिवाय खाचरंच कमी झाली. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना भराव पडतोय, प्लॉट पडतायत. जिथे मासा पोचतो तिथे शेतच नाही, असंही घडतं.

गाबोळी

आता नाजूक प्रश्न. हे मासे पोटात अंडी घेऊन वर चाललेले असतात, आणि त्यांची चव त्या अंड्यांतच असते. वलगणीच्या माशाची गाबोळी तव्यावर, मीठ-मसाला-हळदीत, थोड्या तेलात. मी दोन वेळा वाढून घेतली, हे कबूल करून पुढे जातो.

१ जूनपासून समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, ती मुख्यतः विणीच्या हंगामासाठी. नेमक्या त्याच दिवसांत वहाळात विणीचा मासा मारला जातो. केरळातही हे मासे चढतात, तिथे त्याला 'ऊत्त' म्हणतात, आणि ऊत्तीच्या वेळी मासे धरायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडेही तशी मागणी अधूनमधून होते.

मामांना बंदीचं विचारलं तर ते चिडले नाहीत, हेच मला विशेष वाटलं. त्यांच्या लहानपणी रात्री जायचं ते चूड पेटवून. चूड जळायची तेवढाच वेळ. पाग एक, माणसं चार, आणि घरी लागेल तेवढाच मासा, कारण विकायला बाजार दूर. बांबूच्या काड्यांचा सापळा बांधाच्या एका तोंडाला लावत, दुसरं तोंड मोकळं असे. आता डोक्याला बॅटरी आहे, ती सकाळपर्यंत चालते. मच्छरदाणीचं कापड वहाळाला आडवं बांधलं की कोळंबीचं पोरसुद्धा सुटत नाही. काही ठिकाणी विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडतात. त्यात मासा मरतो आणि एखाद्या वर्षी माणूसही. सकाळी फोनवरून फोटो फिरतो, दुपारी पनवेलहून गाडी येते. "आम्ही खायचो," मामा म्हणाले, "आता विकतात." त्यांच्या बोलण्यात मला थोडा स्वतःच्या तरुणपणाचा पक्षपात दिसला, कारण त्या रात्री त्यांनीही दोन किलो मासा पुतण्याच्या हॉटेलला दिला होता.

माझं मत विचाराल तर सरसकट बंदी वहाळावर अंमलात येणार नाही. दर वहाळापाशी पहारा कोण ठेवणार? आडवी जाळी आणि करंट थांबवणं गावाला जमू शकतं. आणि मोरीचं तोंड दुरुस्त करणं तर त्याहून सोपं, त्यासाठी कुणाच्या ताटातलं काही काढावं लागत नाही. गाबोळी खाणाऱ्याने हे बोलावं का, हा आक्षेप मला मान्य आहे.

उतरताना

भाद्रपद संपताना पुन्हा गेलो. भात पोटरीत होतं, काही ठिकाणी लोंब्या बाहेर. मामा खाचरांचं पाणी हळूहळू सोडत होते. त्याच बांधाच्या त्याच तोंडातून पाणी खाली जात होतं, पण आता स्वच्छ, तळाचा चिखल दिसेल असं. त्यातून बोटभर लांबीची पोरं निघाली होती. वर येताना आई-बापांनी जसा आवाज केला होता तसा यांचा काही नव्हता. पाण्याबरोबर सरळ, डोकं खाली करून, एका ओळीत वहाळात उतरत होती.

मी विचारलं, चढणीला वलगण म्हणता, तर या उतरण्याला काय म्हणता?

मामींनी थोडा विचार केला. मग मामांना विचारलं. मामांनी शेजारच्या खाचरातल्या माणसाला हाक मारून विचारलं. तिघांनाही शब्द सापडला नाही. "कोन बघतंय त्यांच्याकडं," मामी म्हणाल्या, आणि बांधाच्या तोंडाशी अडकलेला पेंढा पायाने बाजूला केला.